जागृत

दगडाशी बोलणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघावा! पिंपळीच्या आबांची उभी हयात विहिरी पाडण्यात गेली. खडक दिसला की त्याला आधी टिचकी, मग कान, मग निकाल. बारामतीला आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती, तर भर पाहुण्यांत स्वयंपाकघराच्या ओट्याला कान लावून म्हणाले, "ह्यो फत्तर आपल्याकडचा न्हाय, परमुलखाचा हाय." पाहुणे चहाचे कप धरून बघतच राहिले. सुरुंगाला बत्ती देताना त्यांची आरोळी असे, "बाजूला व्हा रंऽ!" आणि बार उडाला की धुरळ्यातून खोकत दुसरी, "हाय मी, हाय!"

त्यांची एकुलती लेक सुमन नवऱ्याच्या नोकरीपायी जपानला गेली. फोनवर तिनं खिडकीतला डोंगर दाखवला. "आबा, ह्यो जागृत हाय बरं का!" पुढचं ऐकायच्या आत आबांनी पायातल्या वहाणा काढून हात जोडले. मोरगावचा गणपती जागृत, तसाच हाही! मग दर चतुर्थीला मोरगावात दोन नारळ फुटू लागले, एक गणपतीचा आणि एक लेकीच्या डोंगराचा. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, तरी खोबरं निमूट खात राहिलो. चुकलंच माझं.

एका चतुर्थीला त्यांनीच विचारलं, "जावईबापू, त्या देवाची कथा काय वो?" मी सांगून टाकलं, तो देव नव्हे, ज्वालामुखी आहे. राखेचा थर, त्यावर लाव्हा, पुन्हा राख, पुन्हा लाव्हा, असा एकेका उद्रेकानं तो डोंगर वाढलाय. वर्षानुवर्षं गप्प बसतो, तोंडाशी लाव्हा थिजतो, आत वायू कोंडतो आणि मग फुटतो. आपला काळा पाषाणही लाव्हाच, पण तो भेगांतून पसरला आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवला. जागृत म्हणजे पुन्हा फुटू शकणारा.

आबांच्या हातातलं खोबरं खाली पडलं.

"म्हंजी भरलेला सुरुंग? आन् माझी लेक त्याच्या बुडाशी? आन् तुमी खोबरं खात बसला व्हता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी लगेच फोन लावला. "सुमे, आत्ताच्या आत्ता निघून ये!"

"आबा, हितं डोंगरावर यंत्रं लावल्यात, धोका वाटला की आदी आमाला हलवत्यात," सुमन शांतपणे म्हणाली. "तुमच्या हिरीवर काय व्हतं? तुमची दुसरी आरोळी येईस्तवर आमी मायलेकी लांब उभ्या, जीव मुठीत धरून. कधी म्हणलो का, खाली उतरू नका?"

आबांनी फोनला एक टिचकी मारली, कान लावला आणि निकाल दिला, "मंग रोज सकाळी दुसरी आरोळी दे."

आता रोज सकाळी सुमनचा फोन येतो. तिकडून एकच आरोळी, "हाय मी, हाय!" मगच आबा चहाला हात लावतात. मोरगावात नारळ अजून दोनच फुटतात. देवानं जागं राहावं म्हणून सगळे हात जोडतात, आमचे आबा मात्र दुसरा नारळ फोडताना हळूच पुटपुटतात, "झोप की रं बाबा आता. लेक हाय माझी तितं."