पेटीच्या आतला राखाडी

केडगावातल्या आमच्या शेडमध्ये पुठ्ठ्याच्या पेट्या बनतात. पेटीचा आराखडा मी करतो. छपाईची शाई दादा मिसळायचे. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे.

पुण्याच्या एका कंपनीचं काम आलं. डिझायनर लोक रंग ठरवायला पंख्यासारख्या उघडणाऱ्या रंगपट्ट्या वापरतात, त्यांच्यासाठी पेटी हवी होती. पट्ट्यांचा गठ्ठा अडतीस मिलिमीटर जाड. मी आत एकोणचाळीस ठेवले, अंगठा जाईल एवढी खाच दिली. उजेडाने पट्ट्यांचा रंग उडतो, म्हणून झाकण घट्ट बसवलं. सहा नमुने बाद केले, सातवा मला पटला.

आतला कागद मात्र निव्वळ राखाडी हवा होता. त्यात दुसऱ्या रंगाची झाक असली तर शेजारची पट्टी डोळ्याला वेगळीच दिसते. हे काम दादांचं. सकाळी दहाच्या उजेडात शेडच्या दारात उभं राहून ते बोटाने कागदावर शाई थापटायचे, नमुन्याशेजारी धरायचे आणि म्हणायचे, "बसला." त्यानंतर कोणी बघायचं नाही. तीस वर्षं हीच रीत होती.

त्या दिवशीही ते "बसला" म्हणाले. मी सहज पाहिलं, तर राखाडीत निळं होतं. थोडंसंच, पण होतं. अर्ध्या मिलिमीटरसाठी चारदा मोजपट्टी लावणारा मी, दादांना मात्र पुन्हा बघा म्हणू शकलो नाही. चारशे पेट्या गेल्या आणि रंगापायी चारशे परत आल्या.

मापात माझीच चूक झाली, असं मी दादांना सांगितलं. ते हसले. "एवढं मोजून मोजून शेवटी तूच चुकला व्हय," म्हणाले. मीही हसलो.

पुढच्या खेपेआधी मी रंग मोजायचं छोटं यंत्र आणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. दादा जेवायला गेले की निळं मारायला त्यांच्या शाईत थोडी नारिंगी टाकून आकडा जुळवायचो. पंधरा दिवस हे चाललं. एकदा ते चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले, तेव्हा यंत्र माझ्या हातात होतं. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. चष्मा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

चार महिन्यांनी वहिनींनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे निळं नीट दिसत नव्हतं. ऑपरेशनं झाली आणि एका सकाळी ते शेडवर आले. परत आलेल्या पेट्यांतली एक फळीवर होती. ती उघडून ते दारात उभे राहिले.

"ह्यात निळं हाय," ते म्हणाले. "तुला तवाच दिसलं हुतं?"

"हो."

"मग तवाच सांगायचं न्हाई? डोळे दाखवून आलो असतो. मला वाटलं, माझा हातच गेला."

त्यांनी झाकण लावलं आणि पेटी जिथली तिथे ठेवली.

आता त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. अधूनमधून येतात, चहा घेतात, शाईच्या डब्यांकडे फिरकत नाहीत. परवा मी मुद्दाम नवा राखाडी कागदावर थापटून त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, बसला का.

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"यंत्राला इचार," ते म्हणाले.