बॅटरीचा निकाल

मुरुडच्या एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करणारा आणि विकणाराही एक जण बसतो. फोन हातात आला की तो आधी चार्जिंगचं भोक हुंगतो. "खारी हवा शिरली हाय," म्हणतो. मग नखाने फोनची पाठ वाजवतो आणि कंपन्यांची उणीदुणी काढायला लागतो. एकीची बॅटरी दोन दिवस चालते पण पाठ पापडासारखी, दुसरीची पाठ दणकट पण बॅटरी दुपारीच मान टाकते. दुकानात ज्या कंपनीचा माल पडून असेल, तिच्यात मात्र दोन्ही गुण हमखास असतात. म्हणून माझा त्याच्या एका शब्दावरही विश्वास नव्हता.

परवा बायकोच मला तिथे घेऊन गेली. तिचा स्वस्तातला फोन दोन दिवस टिकतो आणि माझा महागडा दुपारीच बंद पडतो, हे तिला खटकत होतं. त्याने माझ्या फोनमध्ये बॅटरी कशावर खर्च होते ते पान उघडलं. सगळ्यात वर पत्त्यांचा खेळ होता, रोजचे पाच तास, सगळे ऑफिसच्या वेळेतले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन काउंटरवर पालथा ठेवला.

"वहिनी, ह्या कंपनीच्या बॅटऱ्याच खराब," तो शांतपणे म्हणाला. "साहेबांचा काय दोष न्हाय."

बायकोला पटलं. मी तिथल्या तिथे त्याच्याकडून नवा फोन घेतला. कुठल्या कंपनीचा, हे विचारलंसुद्धा नाही.