जाऊबाईंचा बँकॉकचा भात

बँकॉकच्या फुटपाथवर गाडीवालीने गोड भातावर नारळाचं दूध ओतलं आणि त्या वासासरशी मी नव्वदच्या दशकातल्या भिवंडीत, धामणकर नाक्यावर पोचले. मोठ्या जाऊबाई नुकत्याच बँकॉक फिरून आल्या होत्या. फालुदा खाताना डोळे मिटून याच भाताचं कौतुक सांगत होत्या, "वर आंब्याच्या गार फोडी, खाली गरम भात." आमच्या घरी पॉवरलूमच्या शिफ्टी, आणि यांचं बँकॉक. मी इतकी जळले की माझा फालुदा पाणचट लागायला लागला. अर्धा ग्लास तसाच ठेवून उठले.

आज पहिला घास घेतला आणि मुद्दाम त्यांना फोन लावला. "तुमचाच भात खातेय हो, जाऊबाई."

त्या म्हणाल्या, "आम्हाला टूरवाल्यांनी रोज वरणभातच घातला. तो आंब्याचा भात मी बसच्या खिडकीतून बघितला फक्त. कसा लागतो गं?"