मामांच्या हातच्या बातम्या

बातम्या कशा द्याव्यात हे या देशात फक्त एका माणसाला कळत होतं आणि तो माणूस बावड्याला आमच्या घराच्या सोप्यात लोखंडी खुर्चीवर बसायचा, हे मी आजही कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. हा माणूस म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामांचं शिक्षण दुसरीपर्यंत, तेही सलग नाही. लहानपणी घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड कळपाबरोबर कोकणाकडं निघायचं आणि वाटेत जिथं मुक्काम पडेल तिथल्या शाळेत मामा चार दिवस बसून यायचे. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला आणि मेंढरं गेली. पण मेंढक्यांची हातवाऱ्यांची बोली काही मामांच्या अंगातून गेली नाही. या डोंगरावरचा माणूस त्या डोंगरावरच्याला ओरडून सांगू शकत नाही, वारं शब्द घेऊन जातं. म्हणून पाणी इकडं आहे, लांडगा दिसला, मेंढी व्यायला झालीय, भाकरी खायला ये, हे सगळं ते लोक हातांनी सांगायचे. त्याच भांडवलावर मामांनी पुढं लोकसभेपासून क्रिकेटपर्यंत सगळा कारभार चालवला.

याचं कारण आत्याबाई. धाकट्या मुलाच्या वेळी त्यांना मोठा ताप आला आणि तो उतरला तो कान घेऊन. बोलणं शाबूत राहिलं, उलट आवाज दुप्पट झाला, पण ऐकू येणं गेलं. पुढं घरात टीव्ही आला. सगळे त्याच्यासमोर बसलेले आणि आपली बायको तेवढी नुसती तोंडं हलताना बघतेय, हे मामांना पहिल्याच संध्याकाळी सहन झालं नाही. ते उठले, टीव्हीच्या बाजूला उभे राहिले आणि सातच्या बातम्या हातांनी सांगू लागले. त्यानंतर त्यांनी एक दिवस खाडा केला नाही. साडेसहाला हातपाय धुवायचे, धुतलेला सदरा घालायचा, फेटा बांधायचा आणि सातला उभं राहायचं. बातम्या देणारा माणूस नीटनेटका पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

मला लग्नाआधी कुणीच हे सांगितलं नव्हतं. मी बारामतीची, सायन्स ग्रॅज्युएट, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन बावड्याला आले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर डोकावते तो सासरे टीव्हीला खेटून उभे, दोन्ही हात थरथरतायत, मान मागं गेलीय. शॉक लागलेल्या माणसाला कोरड्या लाकडानं सोडवावं, हे मला शाळेपासून पाठ होतं. मी कोपऱ्यातली कपडे धुवायची मोगरी उचलली आणि धावले. मामांनी एका हातानं मला थांबवलं आणि दुसऱ्या हातानं काम चालू ठेवत शांतपणे म्हणाले, "शॉक न्हाय लागला, सूनबाई. लोकसभा चाललीया."

हळूहळू मला ती बोली समजायला लागली. दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की विरोधक आणि सरकार यांची टक्कर, एडके झुंजतात तशी. कांदा महागला की डोळे पुसायचे आणि स्वस्त झाला की शेतकऱ्याच्या वतीनं पुन्हा पुसायचे. उपग्रह सोडला की फेटा काढून वर उडवायचा. तो हातात झेलला तर मोहीम फत्ते, जमिनीवर पडला तर नाही. सरकार पडलं की मामा स्वतः खुर्चीवरून खाली घसरायचे. त्या दशकाच्या अखेरीला तर सरकारं इतक्या वेळा पडली आणि उठली की एकदा मामा खाली बसूनच राहिले आणि म्हणाले, माझं गुडघं ह्या सरकारांपायी गेलं. हवामानाच्या बातमीवर त्यांचा भरवसा नव्हता. ती आली की ते नुसतं दाराकडं बोट करायचे, म्हणजे बाहेर जाऊन बघा. शेअर बाजाराला मात्र त्यांच्याकडं खूणच नव्हती. बाजार म्हणजे बाजार, असं म्हणून ते मेंढीच्या पाठीवर हात फिरवून चरबी जोखल्यासारखं करायचे आणि मान वर किंवा खाली हलवायचे. त्यामुळं मुंबईत मेंढ्यांचा मोठा बाजार रोज भरतो, असं आत्याबाई कितीतरी वर्षं धरून चालल्या होत्या. एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी मला काळजीनं विचारलं होतं की एवढी मेंढरं तिथं चरायला कुठं नेतात. मी भाजी निवडत राहिले. मामांची बातमी खोडायची माझी काय प्राज्ञा.

शेजारचे तात्या रोज सकाळी पेपर घेऊन यायचे, कालच्या बातमीत मामांनी काय चुकवलं ते दाखवायला. पण संध्याकाळी सातला तेच सर्वांत पुढं बसलेले असायचे, आणि टीव्ही सोडून मामांकडं तोंड करून. आमच्या आळीत बऱ्याच घरांत टीव्ही होता, तरी बातम्यांना माणसं आमच्याकडंच यायची. मग घरी फोन आला. आता फोनवरचं बोलणं पण आत्याबाईंना लगोलग कळवायला हवं. रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला तर दोन्ही हात चालू होताच तो खाली पडायचा. मामांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी फेट्याच्या टोकानं रिसीव्हर सरळ कानाला बांधून टाकला. हल्ली लोक कानात बोंडं घालून हात मोकळे ठेवून बोलत हिंडतात, त्यांना बघितलं की मला सांगावंसं वाटतं, आमच्याकडं हे फार पूर्वीच होऊन गेलंय.

असं सगळं छान चाललेलं असताना ह्यांनी आईला पुण्याला डॉक्टरकडं नेलं आणि ऐकायचं मशीन घेऊन आले. ते कानामागं बसलं आणि आत्याबाईंचं जगच बदललं. कुकरच्या शिट्टीला त्या दचकल्या, माझ्या बांगड्या त्यांनी तीन वेळा वाजवून घेतल्या, नातवाला जवळ बसवून तासभर नुसतं बोलायला लावलं. ट्यूबलाइटखाली उभ्या राहून म्हणाल्या, ही एवढी गुणगुणती आणि आजवर कुणी मला सांगितलं न्हाय. आम्ही सगळे आनंदात होतो. मामा तर गावभर सांगत सुटले की आमच्या हिला आता मुंगी चाललेली ऐकू येते. त्या संध्याकाळीही त्यांनी सदरा बदलला, फेटा बांधला. पण सात वाजले, बातम्या सुरू झाल्या, आत्याबाई टीव्हीकडं तोंड करून बसल्या आणि मामांना काय करावं कळेना. ते खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

त्या दिवशी कुठंतरी बस दरीत कोसळली होती. दुसऱ्या दिवशी पूर, तिसऱ्या दिवशी आणखी काही. आत्याबाई ऐकत होत्या आणि मधेच मामांकडं बघत होत्या. चार-पाच दिवसांनी मी भाकरी थापत असताना त्या शेजारी येऊन बसल्या आणि विचारलं, "एवढी माणसं मरायला आत्ता लागलीत, का आधीपासनं असंच हाय?" मी विचार न करता म्हणाले, असंच असतं, आणि भूकंपाच्या वेळी तर किती गेली होती. माझ्या लक्षात आलं तोवर शब्द तोंडातून गेला होता. त्यांना भूकंप माहीत होता. जमीन हलली, भिंती पडल्या, लोक उघड्यावर आले, एवढंच मामांनी सांगितलं होतं. त्यांनी स्वतः शिवलेल्या दोन वाकळाही तिकडं पाठवल्या होत्या. माणसांचं विचारलं तेव्हा मामांनी तळहात आडवा फिरवून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. आता त्यांनी मला खोदून खोदून विचारलं आणि मला खरं सांगावं लागलं. तव्यावरची भाकरी करपली. आत्याबाईंनी कानातलं मशीन काढलं, पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं आणि बाहेर गेल्या.

ऐकू न येणाऱ्या माणसाचा राग किती पक्का असतो, ते मी त्या तीन दिवसांत बघितलं. मामा समोर आले की आत्याबाई डोळे मिटून घ्यायच्या. संपलं. कानाचं दार आधीच बंद, आता डोळ्यांचंही. मामांना माफी मागायला जागाच उरली नाही. सात वाजता ते उभे राहायचे, त्या डोळे मिटायच्या, आणि तात्यांसकट सगळी आळी खाली मान घालून आपापल्या घरी जायची. मला फार अपराधी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात मामा एकटेच बसलेले दिसले. मी जाऊन म्हणाले, माझंच चुकलं. ते म्हणाले, तू खरं बोललीस, त्यात काय चुकलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाईट बातमी आली की तुमी चार माणसांत जाऊन बोलता, हलकं हुतं. हिला ऐकूच येत न्हाय, तर ही कुणाशी बोलायची? दिसभर घरात एकटी ते घेऊन बसली असती. म्हणून वगळत गेलो."

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई दारात बसून ज्वारी पाखडत होत्या. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. अंगात नेहमीचा मळका सदरा, डोक्याला काही नाही. आत्याबाईंनी डोळे मिटायच्या आधीच त्यांनी हात उचलले. मी आतून बघत होते. मामा भूकंप सांगत होते, इतक्या वर्षांनी, पहिल्यापासून. गणपती बोळवून थकून झोपलेली माणसं त्यांनी दाखवली. दगडमातीची घरं, वर धाब्याचं मातीचं जाड छत. मग हात हलले, आणि सगळं खाली आलं. मातीत बोटं घालून उकरणारे लोक दाखवले. आईच्या कुशीतलं मूल दाखवलं. मग किती गेली ते सांगायला दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, परत उघडली, मिटली, परत उघडली, आणि ती उघडझाप संपेचना. शेवटी हात तसेच हवेत राहिले आणि मामा रडायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

आत्याबाईंनी एकदाही डोळे मिटले नाहीत. सूप खाली ठेवलं आणि आपल्या त्या दुप्पट आवाजात, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "माझ्या वाटचं रडणं तुमी एकट्यानंच उरकलं व्हय? निम्मं माझं हुतं ते." मग सरकून त्यांनी उंबऱ्यावर जागा केली. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. मी चहा नेऊन ठेवला आणि मागं फिरले.

त्या संध्याकाळपासून बातम्या पुन्हा सुरू झाल्या. दिवसभर आत्याबाईंच्या कानाला मशीन असायचं, पण सातला त्या ते काढून डबीत ठेवायच्या आणि पाट फिरवून मामांकडं तोंड करून बसायच्या. मी विचारलं, आता ऐकू येतंय तर असं का. त्या म्हणाल्या, टीव्हीतली बाई मेल्याचं बी आणि लग्नाचं बी एकाच तोंडानं सांगती, तिला काय कळतंय. मामांनी मात्र त्यानंतर काही वगळलं नाही. वाईट बातमी आली की ते थांबायचे, आत्याबाई डोळ्याला पदर लावायच्या, मग पुढची बातमी. तोवर टीव्ही दोन बातम्या पुढं गेलेला असायचा. आमची आळी जगाच्या थोडी मागं राहिली, पण जे कळायचं ते पुरतं कळायचं.

मी मधल्या काळात माहेरी राहून बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. पुढं इंदापूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर आले आणि शिकवायला मला बोलावणं आलं. रोज एसटीनं जायचं-यायचं, घरातली सून. तात्यांनी तर स्पष्टच सांगितलं की हे बरं दिसणार नाही. मामा काहीच बोलले नाहीत. मी पत्र हातात घेऊन दिवसभर धास्तावलेली. संध्याकाळी सातच्या आधीच लाइट गेली. माणसं उठायला लागली तर मामांनी हातानं सगळ्यांना बसवलं, कंदील आणून आपल्या पायाशी ठेवला आणि फेटा सारखा केला. टीव्ही बंद, सोप्यात अंधार, आणि मामा बातमी द्यायला उभे. आज एकच बातमी आहे, असं त्यांनी एक बोट वर करून सांगितलं. मग एसटी दाखवली. शाळा दाखवली, पोरांच्या रांगा दाखवल्या. दहा बोटं हवेत टकटक नाचवली, तो कॉम्प्युटर. आणि या सगळ्याच्या मधोमध त्यांनी गळ्याशी बोटांचा चंबू करून तो दोनदा हलवला. ही खूण मी कधी बघितली नव्हती. आत्याबाई मात्र हसल्या आणि माझ्याकडं वळल्या.

"ती तूच की," त्या म्हणाल्या. "गळ्यात वाजती घाटी बांधलेली म्होरकी मेंढी. पहिल्या वर्षापासनं आमच्या दोघांत तुझी हीच खूण हाय. तिला वाट ठावी असती, बाकीचा कळप तिच्या मागनं जातो."

तात्यांनी पुढं होऊन कंदिलाची वात मोठी केली. मी आत गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

नंतर मी वीस-बावीस वर्षं शिकवलं. कार्यक्रमांत माझी ओळख करून देताना लोक पदव्या वाचून दाखवतात, कधी हार घालतात, मी हसून नमस्कार करते. मामा गेले, त्यांच्या मागोमाग दोन वर्षांत आत्याबाईही गेल्या. माझ्या मुलांना मेंढरं माहीत नाहीत आणि त्या हातवाऱ्यांतलं एखाददुसरंच त्यांना आठवतं. मला त्या खुणेनं ओळखणारी जगात दोनच माणसं होती. आता ती खूण फक्त मला येते.