साकु की हाकु

गेल्या पंधरा-वीस वर्षांत कर्नाटकाच्या सीमेवरच्या कमलनगरात जी घरं उभी राहिली, त्यांतल्या निम्म्यांच्या भिंती तरी सत्यभामाबाईंच्या हातचं पाणी पिऊन पक्क्या झाल्या आहेत. बांधकामावर पाणी मारणं हे दिसायला पोरखेळ. पण सिमेंट तहानलेलं राहिलं तर भिंत कच्ची, हे घरमालकाला भेगा पडल्यावरच कळतं. बाईंनी कुणाची भिंत तहानलेली ठेवली नाही. नवरा गेल्यावर हातात धरलेली नळी साठी जवळ आली तरी त्यांनी सोडली नव्हती.

आता मात्र ती सुटायची वेळ आली होती. उजवा कान पार गेला होता आणि डावाही कुरकुर करू लागला होता. हे कळलं तर कामावर कोण ठेवील? या धास्तीनं त्यांनी एक युक्ती काढली. कुणी काहीही बोललं की "व्हय" म्हणायचं. जगातल्या निम्म्या बोलण्याला "व्हय" चालून जातं, त्यामुळे दोन वर्षं निभावलंही.

मग गावाबाहेर मुलींच्या वसतिगृहाचं काम निघालं. इथल्या विटा भट्टीत भाजायच्या नव्हत्या. ना धूर, ना लाकूडफाटा. मातीत थोडं सिमेंट कालवून यंत्रात दाबायचं आणि मग ओलाव्यात मुरू द्यायचं. कलबुर्गीहून आलेल्या इंजिनिअर चैत्रानं विटांच्या थप्प्यांत बोटाएवढ्या कांड्या खोचल्या. ओल कमी झाली की कांडी फोनला कळवणार आणि फोन तोंडानं सांगणार, "नीरु हाकु", म्हणजे पाणी घाल. ओल पुरेशी झाली की "नीरु साकु", पाणी पुरे. विटा पक्क्या होतील आणि पाणीही वाया जायचं नाही.

"मावशी, फोन कन्नड बोलला तर चालेल ना?" चैत्रानं विचारलं.

"व्हय," बाई म्हणाल्या. कन्नड त्यांना बाजारापुरतं येतच होतं. प्रश्न तेवढा ऐकू आला नव्हता.

मुकादम अमृतप्पाला बाई नकोच होत्या. "लई ताठ बाई हाय मॅडम," तो म्हणाला. "त्यापरीस आपोआप चालू-बंद व्हनारा नळ बसवा."

"आधी यांचं काम बघू," चैत्रा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बघायला मिळालं. विटांचं यंत्र धडधडत होतं. बाई आदल्या दिवशीच्या थप्पीवर पाणी मारत होत्या आणि चैत्रानं दिलेला फोन कमरेच्या पिशवीत होता. फोन म्हणाला "साकु", बाईंनी ऐकलं "हाकु". त्यांनी घातलं. ओल वाढली तसा फोन घायकुतीला आला, "साकु, साकु!" बाईंना वाटलं, शिकलेला फोन आहे, आपल्याला कामचुकार समजून रागवायलाय. त्यांनी नळी पूर्ण सोडली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खालच्या विटांचा चिखल झाला आणि थप्पी एका अंगाला कलून बसली.

अमृतप्पानं कपाळाला हात लावला. "बगा मॅडम! मी काय म्हनत होतो?"

यंत्र बंद झालं होतं आणि चैत्रा अगदी समोर येऊन उभी राहिली, म्हणून तिचा प्रश्न बाईंना कळला. "मावशी, फोन काय म्हणाला?"

"हाकु म्हनला. सारखं हाकु, हाकु. मी घालायलेच की!"

चैत्रानं फोन पाहिला, त्यात नुसती 'साकु'ची रांग होती. ती ओशाळली. "चूक माझी आहे. मोठ्या माणसाशी बोलताना 'हाकु' नाही, 'हाकि' म्हणतात. फोनला तेवढा मान द्यायला शिकवलं असतं, तर हा घोळ झालाच नसता. यंत्राच्या आवाजात कुणालाही असंच ऐकू आलं असतं."

पळवाट आयती समोर आली होती. "व्हय" म्हटलं की बाई सुटत होत्या. शब्द ओठावर आलाही. पण त्यांची नजर त्या चिखलाकडे गेली. उद्या याच विटांच्या भिंतीआड लोकांच्या लेकी झोपणार होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"न्हाई गं पोरी," त्या म्हणाल्या. "मशिनीचा दोष न्हाई. मला ऐकूच यीत न्हाई. दोन वर्सं झाली."

चैत्रानं थप्पीकडे बोट केलं. "मग बोलून कशाला सांगायचं? थप्पीवर दिवा लावू. हिरवा लागला की मारा, तांबडा लागला की थांबा. काम तुम्हीच करायचं."

अमृतप्पा मात्र बाईंकडे बघतच राहिला. "कामून सांगितलं न्हाई अक्का?"

"सांगितल्यावर ठेवला असतास मला?"

तो जवळ आला आणि मोठ्यानं म्हणाला, "अक्का, कुठल्याबी कामावर आपुन संगं असलो की चहा आल्यावर मी तुमाला हाक मारायलोय. तुमी पाठ फिरवून पानीच मारायलाव. मला वाटलं, आमच्यासंगं बसायला तुमाला कमीपना वाटायलाय."

"कवा मारलास हाक?"

"रोज, अक्का."

सत्यभामाबाईंना रडू फुटलं. पदरानं डोळे पुसत त्यांनी डावा कान त्याच्याकडे केला. "आता मार बरं एकदा," त्या म्हणाल्या.