तात्पुरत्यांचा खिळा

तात्पुरते हे त्यांचं आडनाव नव्हे. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं धडधाकट होतं, पण ते रांगेतल्या कुणाच्या तोंडी बसलं नाही, आणि त्याला जबाबदार ते स्वतःच. टेम्पोतून सामान उतरत होतं त्या दिवशी शेजारच्या सिस्टर फाटकाशी आल्या आणि विचारत्या झाल्या, "काय, कायमचे आलात ना?" त्यावर हा गृहस्थ खांद्यावरची गादी खालीसुद्धा न ठेवता म्हणाला, "छे हो, आम्ही आपले तात्पुरते." झालं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, जन्मभर वॉर्डातल्या माणसांना खाटेवरून आणि दुखण्यावरून ओळखत आलेल्या. त्यांनी एकदा चिकटवलेलं नाव कोण काढणार? पुढची वीसेक वर्षं हे तात्पुरतेच राहिले, त्याच घरात, त्याच रांगेत. बायको मात्र पहिल्या आठवड्यातच सगळ्यांची काकू झाली.

रांग म्हणजे एकाला एक चिकटलेली दुमजली घरं, सगळी एका मालकाची, सगळी भाड्याची. खाली बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, मधून अरुंद जिना, वर दोन खोल्या. पुढे दोन पावलं गवत आणि कचऱ्याचा डबा. दारं एकजात हिरवी. त्यापायी कोपऱ्यावरच्या घरातला बसड्रायव्हर एकदा पाळी संपवून तडक काकूंच्या सोफ्यावर येऊन झोपला होता. काकूंनी त्याला उठवलं नाही. अंगावर चादर टाकली आणि त्याच्या बायकोला फोन केला, की तुमचा माल चुकून आमच्याकडे उतरलाय, सवडीने घेऊन जा. भिंती सामाईक असल्यामुळे कुणाचं काही झाकून राहत नसे. इकडे काकूंना शिंक आली की पलीकडून सिस्टर म्हणायच्या, "काढा घे." नवराबायकोचं भांडण जुंपलं तर दोघंही दबक्या आवाजात भांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर तक्रार करायच्या, की काल शेवट काही नीट ऐकू आला नाही.

आता ज्यामुळे ही सगळी गोष्ट, ते सांगते. तात्पुरत्यांचं बाजारात फोटो फ्रेमचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळकांडीच. पण हात असा, की लाकडी पट्टीचे चार कोपरे जुळवले की सांध्यात नख शिरणार नाही. आणि नुसती फ्रेम देऊन मोकळे होणारा हा माणूस नव्हे. घरी जाऊन लावून देणार. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करणार, कान लावणार, पोकळ कुठे आणि भरीव कुठे ते बघणार, लेव्हल ठेवणार, आणि मग दोन ठोक्यांत खिळा आत. तिसरा ठोका त्यांना लागत नसे. रांगेतल्या एकूण एक घरात त्यांच्या हातचा निदान एक खिळा होता. सिस्टरांकडे तर पाच होते.

आणि यांच्या स्वतःच्या घरात? एक नाही. घड्याळ कपाटावर आडवं टेकवलेलं. आरसा मोरीच्या नळाला पाठ लावून उभा, त्यामुळे तात्पुरत्यांना दाढी वाकून करावी लागे. कोट दाराच्या कडीला, कॅलेंडर जेवणाच्या टेबलावर काचेखाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काकू कधी बोलल्याच, तर एक ठरलेलं उत्तर. "भाड्याचं घर आहे. सोडताना भोकं बुजवावी लागतात." काकूंनी घरमालकाच्या ऑफिसातल्या मॅडमना जाऊन विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ठोका की खुशाल, जाताना थोडी पुट्टी लावा." ते येऊन सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

काकू हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायचं. बोलक्या, हसऱ्या, कुणाशीही पटवून घेणाऱ्या. त्यांचं मागणं काही मोठं नव्हतं. लेक दोन वर्षांची असताना काढलेला एक फोटो होता. स्टुडिओवाला "हसा" म्हणाला आणि नेमकं त्याच क्षणी मायलेकींनी दोघींनी एकसारखं तोंड वाकडं केलं. फोटोवाला दुसरा काढू म्हणत होता. काकूंनी हाच घेतला. हा जिन्यासमोरच्या भिंतीवर हवा, म्हणजे पहाटे ड्युटीला जायला खाली उतरताना समोर दिसेल, एवढंच. त्यांनी तो नवऱ्याकडे फ्रेमला दिला. "होईल," ते म्हणाले. मग लेकीचा शाळेतला दिला. होईल. मग दोघांचा लग्नाचा, लेकीच्या पदवीचा, लेकीच्या लग्नाचा. होईल, होईल. फोटो दुकानात जात आणि परत येत नसत. काकूंनी आशा सोडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

एकदा मात्र त्यांनी हिय्या केला होता. लेकीचं लग्न ठरलं होतं, पाहुणे यायचे होते, आणि भिंती बोडक्या. काकू स्वतःच हातोडी घेऊन खुर्चीवर चढल्या. तेवढ्यात तात्पुरते घरी आले. ओरडले नाहीत. नुसती हातातून हातोडी काढून घेतली. चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत. काकू घाबरल्या आणि त्यांनी तो विषय कायमचा मिटवला. पण दुसऱ्याच्या घरी गेल्या, की आपल्या नवऱ्याने तिथे लावलेल्या फ्रेमा त्या एकेक करून न्याहाळायच्या. वाटायचं, हा माणूस माझ्याबरोबर राहतोय, का नुसता मुक्कामाला आहे?

आणि मग ती बातमी आली. ऑफिसातल्या मॅडम स्वतः दारोदार फिरल्या. मालकाने जागा विकली, रांग पाडणार, थंडी सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी घरं रिकामी करायची. सांगताना ती बिचारीच प्रत्येक दारात माफी मागत होती, तर तिला काय बोलायचं? बसड्रायव्हर म्हणाला, "आता चुकून झोपायला मी जाऊ कुठे?" सिस्टरांनी भाच्याकडे जायचं ठरवलं आणि त्याच्या बायकोला आत्ताच नावं ठेवायला घेतली. काकूंचं कामात लक्ष लागेना. हाडांच्या डॉक्टरांचा फोन त्यांनी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला जोडून दिला, आणि डॉक्टरसाहेब बराच वेळ आचाऱ्याला मांडीच्या हाडाविषयी समजावत राहिले.

तात्पुरत्यांचं नेहमीचंच चालू. जेवले, उठले, दुकानात गेले. काकूंना संताप आला. याला कसलं दुःख, हा तर पहिल्या दिवसापासून निघायच्या तयारीतच बसलाय.

त्याच आठवड्यात एक दिवस काकू ड्युटीवरून परतत होत्या, तर रांगेच्या तोंडापासूनच ठोकाठोक ऐकू आली. वाटलं, मुदतीआधीच पाडायला आले की काय. जवळ गेल्या, तर आवाज आपल्याच घरातून. दार सताड उघडं, दारात दुकानाची हातगाडी, आणि आत हे स्टुलावर उभे, तोंडात तीन खिळे.

जिन्यासमोर मायलेकींचं वाकडं तोंड लागलं होतं. लग्नाचा फोटो सोनेरी नक्षीच्या जाड पट्टीत, कारण तेव्हा तीच चालायची. शाळेतला फोटो काळ्या पट्टीत, पदवीचा बारीक ॲल्युमिनियममध्ये. ज्या वर्षी जो फोटो दिला, त्या वर्षीच त्यांनी तो फ्रेम करून ठेवला होता. पट्ट्यांवरून वर्षं ओळखू येत होती. एवढ्या फ्रेमा, दुकानात पोटमाळ्यावर, कागदात गुंडाळून. काकू पर्स खांद्याला तशीच ठेवून भिंतीभिंतीसमोर फिरत राहिल्या.

एवढा आवाज झाल्यावर रांग घरात बसते होय? सगळे गोळा झाले. कुणी फोटोतली काकू बघून म्हणालं, "अय्या, एवढी वेणी होती?" कुणी तात्पुरत्यांच्या लग्नातल्या केसांवर घसरलं. सिस्टर सोफ्यावर बसून चष्मा पुसत होत्या. "इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहतेय," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातलं सगळं ऐकलं. खिळा आज पहिल्यांदा ऐकला."

सगळे गेल्यावर काकूंनी चहा ठेवला आणि विचारलं, "आता का? आता तर निघायचंय."

"म्हणूनच," तात्पुरते म्हणाले. मग कपाकडे बघत त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांचं विंचवाचं बिऱ्हाड. आज ही खोली, उद्या ती. आईकडे एकच चित्र होतं, समुद्रातल्या जहाजाचं. नव्या खोलीत पाय टाकला, की चूल मांडायच्या आधी ती खिळा ठोकून ते जहाज लावायची. आणि दर वेळी, चार-सहा महिने होतात न होतात तोच मालक दारात. खोली खाली करा. आई जहाज काढायची, आणि भिंतीवर खिळ्याचं भोक राहायचं. "मला वाटायला लागलं, गं, खिळा ठोकला की घर सुटतं. लहान होतो. पुढे कळायला लागलं, तरी हात धजेना. म्हटलं, आपण ठोकायचाच नाही. आणि बघ ना, टिकलं की नाही घर एवढी वर्षं? आता सुटलंच आहे, तर भीती कशाची?"

तुम्हाला वाटेल, काकू विरघळल्या असतील. छे. काकू अशा भडकल्या की काही विचारू नका.

"घर टिकलं," त्या म्हणाल्या. "अहो, घर टिकलं, आणि मी त्यात बोडक्या भिंती बघत म्हातारी झाले. मला वाटायचं, या माणसाला माझ्याबरोबरचं घर आपलं वाटतच नाही. तुम्ही भिंतीला जपलंत. माझ्याशी एकदा बोलायला काय झालं होतं? एवढं एकदा सांगितलं असतंत, तर मी त्या खिळ्याचं नावसुद्धा घेतलं नसतं."

"चुकलोच," तात्पुरते म्हणाले. त्यानंतर दोन दिवस काकूंच्या तोंडाला कुलूप. पलीकडे सिस्टरांनासुद्धा टीव्ही लावायची चोरी झाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे काकू जिना उतरल्या आणि खाली येऊन थांबल्या. समोर लेक, मांडीवर, नाक मुरडून. आणि आपण तिच्याही वरताण. त्यांना हसू आवरेना. तात्पुरते स्वयंपाकघराच्या दारात चोरासारखे उभे होते.

"डावीकडे झुकलाय जरासा," काकू म्हणाल्या.

झुकला वगैरे काही नव्हता. तात्पुरत्यांनी तरी लेव्हल आणली, लावून बघितली, आणि निमूटपणे सूतभर सरकवल्यासारखं केलं. काकूंची बस चुकली. पुढची मिळेपर्यंत दोघं जिन्याच्या पायरीवर बसून भिंत बघत राहिले.

राहिलेले दिवस फार चांगले गेले, हे सांगायलाच हवं. घड्याळ भिंतीवर गेलं, तात्पुरते ताठ उभं राहून दाढी करायला लागले आणि आपल्या मानेवर तीळ आहे हे त्यांना नव्याने कळलं. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी यायचं, फोटो बघायचं, मागच्या गोष्टी निघायच्या. काकूंना वाटायचं, आत्ता कुठे राहायला आलो, आणि आत्ताच निघायचं.

निघावं तर लागलंच. नवं घर तिसऱ्या मजल्यावर, भाड्याचंच, दोन खोल्यांचं. फ्रेमा चादरीत गुंडाळून भिंतीला तोंड करून ठेवल्या. काकूंनी भांडी लावली, पडदे शिवले, आणि खिळ्याचं नाव काढायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं. पण मनात धाकधूक होतीच. जुन्या घरात गमवायला काही उरलं नव्हतं, म्हणून हात उठला. इथे पुन्हा सगळं पहिल्यापासून. एक दिवस गेला, दुसरा गेला. तात्पुरते भिंतीजवळ जात, टकटक करत, कान लावत, आणि येऊन खुर्चीवर बसत. काकू बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

तिसऱ्या संध्याकाळी त्या भाजी चिरत असताना आतून हाक आली. "अगं, जरा स्टूल धर."

जन्मात कधी या माणसाला स्टूल धरायला कुणी लागलं नव्हतं. काकू हात पुसत आल्या. ते वर उभे होते, एका हातात हातोडी, दुसऱ्या चिमटीत खिळा, टोक भिंतीला टेकवलेलं. ठोका काही पडत नव्हता.

"हेही सुटेल गं एक दिवस," ते म्हणाले.

"सुटेल," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? तोवर इथे राहू."

तात्पुरत्यांनी मान हलवली आणि ठोका घातला. खिळा वाकला. हजारो भिंतींत ज्यांनी दोन ठोक्यांत खिळा बसवला, त्यांचा खिळा लोण्यासारख्या भिंतीत वाकला. तात्पुरत्यांनी तो उपटून खिशात टाकला, दुसरा घेतला, आणि काकूंनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.