पेटीत राहिलेला मध

हे गेले त्या थंडीत मला रडायला सांगून सांगून बायका दमल्या. 'रडून घे बाई, आत ठेवू नकोस,' म्हणायच्या. रडायला मी काय नळ आहे, सोडला की सुरू? एकीला तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. ती उठून गेली ती परत आलीच नाही. बरं झालं.

पण मला काहीच वाटत नव्हतं, हे खरं. आळेफाट्याला रस्ता ओलांडताना यांना ट्रकनं उडवलं. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा कांद्याला पाणी भरणं चाललं होतं. मी मोटर बंद केली, हातपाय धुतले आणि घरी आले. पुढचं सगळंही तसंच. म्हशीची धार काढली, भाकरी थापली, कुणी जेव म्हटलं की जेवले. भाकरीला चव लागायची नाही आणि चव लागत नाही याचंही काही वाटायचं नाही. दोघींच्या वाटचं सासूबाईच रडायच्या. आम्हाला पोरबाळ झालं नव्हतं. ओतूरच्या अलीकडे मळ्यातल्या त्या घरात आम्ही दोघीच उरलो.

आणि घरामागं चिंचेखाली यांची मधाची पेटी.

पश्चिमेकडच्या डोंगरातला यांचा एक मित्र होता. भात करायचा, दिवस आले की हिरडा गोळा करायचा. त्याच्या रानातल्या एका झाडाच्या ढोलीतून दोघांनी सातेरी जातीच्या माशा काढून पेटीत भरून आणल्या होत्या. हे तासन् तास त्या पेटीपुढं बसायचे. मी चिडवायचे, 'ती राणीच तुमची खरी बायको.' हे म्हणायचे, 'डोकं तर खात नाही ना बिचारी!' त्या साली सूर्यफूल चांगलं आलं होतं. माशांनी मध भरला. दिवाळी झाली की काढू म्हणाले, आणि राहिलंच.

माघात तो मित्र बाजाराला आला तसा घरी आला. यांच्यामागं पहिल्यांदाच. चहा घेतला, गोणपाटाचा धूर केला आणि पेटी उघडली. पेटीत लाकडी चौकटी असतात, प्रत्येकीत एक पोळं. खालच्या मजल्यावर राणीनं अंडी घालायची, पिलं वाढवायची. मध वरच्या मजल्यावर. त्यानं खालची एक चौकट उचलली, दुसरी उचलली आणि मान हलवली.

'वहिनी, लई भरलीया. खालपतोर मधच मध. राणीला अंडी घालाया जागाच न्हाई.'

'मग?'

'मग काय, ह्यो मध काढायचा आन मोकळी पोळी द्यायची. मी आनलीत माज्याकडची. आंबा मोहरलाय, कांद्याचं गोंडं फुलत्याल, माशा वाढनार. जागा न्हाई गावली तर म्हातारी राणी निम्म्या माशा घेऊन उडून जाईल. मागं राहत्याल त्यांचंबी काय खरं न्हाई.'

'राहू द्या,' मी म्हटलं.

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, 'वरीस झाल्याबिगर घरात गोड न्हाई व्हनार.' मला आयतंच कारण मिळालं. माझं खरं कारण वेगळं होतं. तो मध हे असतानाचा होता. माशा तो आणत होत्या तेव्हा हे शेजारी बसून बघत होते. एकदा काढला की तो संपणार, आणि मला तो संपवायचा नव्हता. मित्रानं आणलेली पोळी परत फडक्यात गुंडाळली. 'तुमची मर्जी,' म्हणाला आणि एसटीला गेला.

फाल्गुन लागला. ऊन तापायला लागलं तशा माशा पेटीत मावेनात. संध्याकाळी पेटीच्या दाराशी त्यांचा घोस लोंबायचा. धार काढून झाली की मी जाऊन बसायचे. यांच्या चपला, शर्ट, दाढीचं सामान सगळं घरात होतं, पण नुसतं पडलेलं. यांनी आणलेलं आणि अजून जिवंत असलेलं एवढं एकच. ते गेलं तर? असा विचार यायचा आणि मी तशीच बसून राहायचे. उठून काही करावं असं अंगातच येत नव्हतं.

होळीच्या आधीच्या बाजाराला मित्र पुन्हा आला. घोस बघितला आणि चहाला थांबलाच नाही. चौकट उचलून त्यानं पोळ्याची खालची कड दाखवली. भुईमुगाच्या शेंगांसारखं काहीतरी लोंबत होतं.

'ही राणीची घरं. नव्या राण्या तयार व्हत्यात. आज-उद्यात जुनी निघनार बघा.'

'कुठं जाईल?'

'काय सांगावं! ती काय आपल्याला निरोप धाडनार हाय?'

निरोप म्हटल्याबरोबर माझं डोकंच फिरलं. 'जाऊन तर दाखव म्हणावं!' मी ओरडले. ओट्यावर सासूबाई दचकल्या. 'भाऊजी, ती सुरी द्या इकडं.'

मधानं भरलेली पोळी मीच कापली. मनगटावर डंख बसला, तो फुगताना बघत राहिले आणि पुन्हा कापायला लागले. परात भरली. त्यानं शेंगा खुडल्या आणि पिलांच्या शेजारी मोकळी पोळी बसवली.

'आता राहतील?'

'राहत्यालबी, जात्यालबी. ह्येच आदी केलं असतं तर...' असं म्हणून तो पेटीचं झाकण बसवायला लागला. मी परात उचलली.

मध गाळून बरणीत भरला आणि बरणी फळीवर ठेवून दिली. होळीला शेजारपाजारून पुरणाचा वास आला. आम्ही आमटी-भाकरी खाल्ली. रोज उठून पहिल्यांदा पेटीकडं जायचे. माशा येत-जात होत्या, पण त्यावरून मला काय कळणार?

पुढच्या बाजाराला मित्र आला. एक चौकट उन्हाकडं धरून म्हणाला, 'या इकडं.' मोकळ्या दिलेल्या पोळ्यात, घराघरात तळाशी एकेक अंडं उभं होतं. पांढऱ्या दोऱ्याचा बारीक तुकडा असावा तसं.

'आता कुटं जातीया! बसली की वो!' तो एवढा हसला की मलाही हसावं लागलं. मग त्याला एसटी गाठायची होती.

तो गेल्यावर मी घरात आले. फळीवरची बरणी काढली आणि भाकरीवर मध ओतला. का, ते मला सांगता येणार नाही. भूकही नव्हती. बाकी सगळ्यासारखाच हाही बेचव लागणार, असं धरूनच घास घेतला.

गोड लागला. लई गोड लागला, आणि मला त्याचा असा काही राग आला की बस्स! हे गेले आणि माझ्या जिभेला गोड लागतंय? लाज नाही वाटत? मी ताट ढकललं आणि चुलीपुढं बसून भोकाड पसरलं, लहान पोरीसारखं.

सासूबाई धावत आल्या. बरणी बघितली, भाकरी बघितली. वरीस झालं नव्हतं. आता बोलतील असं मला वाटलं. त्या गुडघ्यावर हात टेकत माझ्याशेजारी खाली बसल्या. ढकललेलं ताट त्यांनी दोघींच्या मध्ये ओढून घेतलं.

'मला बी दे,' म्हणाल्या.